शाई फुटली नव्हती

मुलुंड (पूर्व)
११ जून २०२४

ताई,

वर ‘तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार’ लिहिलं होतं, ते खोडलंय. या गुडघ्यांनी साष्टांग घातला तर उठवायला शेजारचे दोघे बोलवावे लागतील.

महिना झाला, तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तुझा मोरपिशी साडीतला फोटो होता, तिथे आता करडा गोल दिसतो. मला वाटलं माझाच फोन बिघडला. रुचिराला विचारलं तर म्हणाली, मावशी, आईने तुला ब्लॉक केलंय. सांगताना तुझी लेक बिचारी ओशाळली. पासष्टाव्या वर्षी हे धंदे तुला कोण शिकवतं गं? पण पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही. म्हणून हे पत्र.

कारण तुला माहीत आहे, तरी लिहिते. ४ मेच्या दुपारी तू मला एक फॉरवर्ड पाठवलंस, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं. खाली लेखकाचं नाव नव्हतं. ‘अनामिक’ आणि हात जोडलेले तीन इमोजी. वर तू लिहिलं होतंस, “जयू, हे वाच. आपल्याकडच्याच कुणीतरी लिहिलंय वाटतं. त्या मोठ्या बहिणीसाठी मला रडूच आलं गो.”

मी उत्तर टाकलं, “ताई, हे मी लिहिलंय. खाली माझं नाव होतं, कुणीतरी काढलंय.”

दोन निळ्या खुणा आल्या. माझा चहा गार झाला तरी तुझं काही येईना. संध्याकाळी एक ओळ आली. “मग ती मोठी बहीण कोण?” मी टाइप करत राहिले आणि पुसत राहिले. सकाळी उठून बघते तर करडा गोल.

पण ताई, त्या गोष्टीत एवढं चिडण्यासारखं आहे तरी काय? आठ वर्षांची एक मुलगी. आई नाही, मोठ्या बहिणीने वाढवलेली. वडील गिरणीत, निरक्षर, घरातली पत्रं तीच वाचून दाखवते. मोठ्या बहिणीसाठी, शालनसाठी, स्थळ येतं आणि गावी काका देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, हे मला शहरातल्या वाचकांना समजावून लिहावं लागलं. काकांचं पत्र येतं. पत्रावरची शाई फुटलेली असते. मुलीला अक्षर लागत नाही आणि ‘उजवा’च्या जागी ती ‘डावा’ वाचते. स्थळ मोडतं. तो मुलगा जन्मभर बिनलग्नाचा राहतो, शालनच्या वाट्याला अबोल नवरा येतो. मुलगी मोठी झाल्यावर ते पत्र पुन्हा वाचते आणि तिला सगळं कळतं. संपली गोष्ट. नावं बदलली, गाव बदललं. गोष्ट म्हणून लिहिली आणि गोष्ट म्हणून लोकांनी वाचली.

आता मुद्द्याचं. देवेश नावाचा एक तरुण प्रकाशक आहे, ठाण्याचा. माझे फेसबुकवरचे बावीस लेख घेऊन पुस्तक काढतो म्हणतोय. माझं पुस्तक, ताई. ही गोष्ट त्याला पहिली हवी आहे. गणपतीच्या आधी छापायला द्यायचंय. तू हो म्हटल्याशिवाय देणार नाही असं मी त्याला सांगून टाकलंय. एक पोस्टकार्ड टाक. ‘हो’ एवढंच लिही.

तुझी,
जयू


मुलुंड
९ जुलै २०२४

ताई,

पोस्टकार्ड आलं नाही. रोज खाली जाऊन पेटी उघडते. आत लाईटबिल असतं, नाहीतर झुरळं मारणाऱ्यांची जाहिरात. मला पत्र येणं कधी बंद झालं तेच आठवत नाही. आपल्या भटवाडीच्या चाळीत मी निम्म्या बिऱ्हाडांची पत्रं वाचायची आणि लिहायची. शेवग्याची शेंग मिळायची त्याबद्दल. आता माझ्या नावाने येतं ते फक्त बिल.

तू कधी विचारलं नाहीस मी लिहायला कशी लागले, म्हणून आज न विचारता सांगते. साकीनाक्याचा आमचा कारखाना तीन वर्षांपूर्वी भिवंडीला गेला आणि मी घरी बसले. एकतीस वर्षं औषधांची लेबलं तपासली. मूळ कागद डाव्या हाताला, छापलेलं उजव्या हाताला. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर माणूस मरेल, असं साहेब पहिल्याच दिवशी बोलले होते. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक अक्षर सुटलं नाही. हे मी मिरवत नाही. हो, मिरवतेच.

घरी बसल्यावर तपासायला काही उरलं नाही. वर्तमानपत्रातल्या चुकांखाली रेघा मारायचे, रद्दीवाल्याने ते कागद हसत नेले. मग रुचिराने फेसबुक घालून दिलं. पहिला लेख टाकला तो कारखान्यातल्या डब्यांवर, कोण काय आणायचं त्यावर. टाकला आणि फोन उशीखाली लपवून ठेवला, चोरीचा माल असल्यासारखा. तासाभराने काढून बघितलं तर सात लाइक. त्यातला एक तुझा. आठवतंय? तू अंगठा दिला होतास आणि फोन करून म्हणाली होतीस, कोळंबीच्या डब्याचं खरंय, बाकीचं बरं आहे.

तिथेच संघमित्रा भेटली. घाटकोपरला शाळेत शिकवते, नव्याने लिहिणाऱ्यांचा ग्रुप चालवते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण बोलते हेडमास्तरणीसारखी. मी लेखाखाली नाव घालत नव्हते. ती म्हणाली, जयंतीताई, भांडी घासून ठेवताना नाव नाही घातलं तर चालतं, हे तुमचं लिखाण आहे, नाव टाका. मग टाकायला लागले. ‘जयंती परब, मुलुंड’. पहिल्यांदा टाकलं तेव्हा दहा वेळा उघडून बघितलं. लेख नाही, नाव.

आणि एप्रिलमध्ये ती गोष्ट टाकली. चार हजार आठशे लाइक, ताई. अमेरिकेतून बायका लिहितात. मागच्या आठवड्यात मी तीन दिवस तापात होते, तसं टाकलं तर एकशे बारा जणांनी ‘काळजी घ्या’ लिहिलं. पेज मात्र माझी मीच करून प्यायले. आधी अशा वेळी तू बोरिवलीहून रिक्षा करून यायचीस आणि आल्या आल्या माझ्या घरातल्या धुळीवर बोलायचीस. या वेळी धूळ तशीच आहे.

बरं, एक कबूल करते. ती नुसती गोष्ट नाही, हे तू ओळखलंसच. पत्र धोंडिरामकाकांचं होतं. मुलगा चंद्रप्रकाश होता, साकीनाक्याला लेथवर काम करायचा तो. शालन म्हणजे तू. हो, ताई, माझ्या वाचण्याने तुझं स्थळ मोडलं. लहान होते गं. शाई फुटलेली, अक्षर लागेना. लहान पोराच्या चुकीवर कुणी इतका राग धरतं का?

देवेशचा फोन आला होता. त्याला ऑगस्ट अखेरपर्यंत सांगायचंय.

जयू


मुलुंड
२ ऑगस्ट २०२४

ताई,

दोन पत्रं टाकली, तुझा शब्द नाही. रुचिराला विचारलं, आईला मिळतात का? म्हणाली, मिळतात, वाचते, आणि घडी घालून उशीच्या अभ्र्यात ठेवते. फाडत नाही एवढ्यावर मी आठवडा काढला.

परवा संघमित्रा घरी आली होती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, बहीण चुकीला माफ करत नाही, काय करू? तिने बिस्किट चहात बुडवलं आणि विचारलं, “शाई खरंच फुटली होती का?”

मी म्हटलं, असं का विचारतेस? तर म्हणाली, मी वर्गात रोज मुलांचं वाचन घेते. अक्षर लागलं नाही की मूल अडतं, थांबतं, वर बघतं. तुमच्या गोष्टीतली मुलगी अडतच नाही. ती पुढे म्हणाली, छापा नाहीतर नका छापू, तो तुमचा प्रश्न. पण बहिणीला निदान तेवढं तरी खरं सांगा. माझी वाट लागली. बिस्किट चहात पडलं ते तिने चमच्याने काढून खाल्लं आणि गेली.

तर आता ऐक. मी आठ वर्षांची नव्हते. बारा वर्षांची होते, सातवीत. वर्गात मोठ्याने वाचायला बाई मलाच उभं करायच्या, आणि धोंडिरामकाकांचं अक्षर टपोरं, मास्तरासारखं. शाई फुटली नव्हती.

रविवार होता. बाबा दारात स्टुलावर बसले होते. तू आत पाठमोरी तांदूळ निवडत होतीस. नववीपर्यंत शिकलेली तू, तुला माझ्याहून चांगलं वाचता येत होतं. पण स्वतःच्या स्थळाचं पत्र मुलगी स्वतः वाचत नाही, म्हणून बाबांनी मला हाक मारली. “वाच गो चेडवा.”

पत्रात होतं, ‘देवाने उजवा कौल दिला आहे. मुलगा चांगला, घर माहितीतले. पुढील बोलणी करावी.’ मला ते सगळं एका नजरेत दिसलं. आणि मी वाचलं, ‘देवाने डावा कौल दिला आहे.’

का, ते विचारशील. मोठा काही विचार नव्हता. तू गेलीस तर शाळेत जाताना माझी वेणी कोण घालणार, एवढंच डोक्यात आलं. आई गेल्यापासून सहा वर्षं तूच घालत होतीस. घट्ट घालायचीस, डोकं दुखायचं. तरी.

बाबा म्हणाले, “परत एकदा वाच.”

मी परत वाचलं. या वेळी एक ओळ जास्त वाचली. ‘गुरवाने तीनदा लावून पाहिला, तिन्ही वेळा डावा.’ ही ओळ काकांची नव्हती. माझी होती. पहिल्या वेळी आवाज कापला होता, दुसऱ्या वेळी नाही. बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “देवाकच नको, तर आपण कोण?” तुझा हात तांदळात फिरत होता, तो थांबला नाही. मला वाटलं, तुला काही वाटलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला तसं समजून घेणं सोयीचं होतं.

पुढचंही सांगते. बाबांनी काकांना लिहायचं उत्तर सांगितलं, ‘कौलाप्रमाणे नकार कळवला.’ मी लिहिलं, ‘मुलाचे दुसरीकडे ठरले.’ म्हणजे काकांना वाटलं मुलाने नाही म्हटलं, बाबांना वाटलं देवाने. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा मी पंधरा दिवस काकांच्या आणि बाबांच्या मध्ये झोपले. तुला आठवत असेल, तू हसायचीस, म्हणायचीस, हिला म्हाताऱ्यांची एवढी काय आवड? पावसाळ्यात काका वारले आणि मी सुटले.

लोक विचारतात, तुम्ही लिहायला कधी लागलात? मी सांगते, कारखाना गेल्यावर. खोटं आहे. त्या रविवारी लागले. बाबांचं तोंड पडलेलं बघितलं आणि आपल्या एका ओळीने एवढं होतं, हे मला कळलं. भीती वाटली, आणि ताई, थोडं बरंही वाटलं.

तरी चार वर्षांनी तू गेलीसच. तोवर माझी वेणी मला घालता येत होती.

जयंती


मुलुंड
२० ऑगस्ट २०२४

ताई,

सोबत काकांचं पत्र आहे. अस्सल. बाबा पत्रं तारेला टोचून ठेवायचे, त्या तारेवरून मी दुसऱ्याच दिवशी काढलं. आधी कंपासपेटीत होतं, मग ट्रंकेत. मध्ये तारेचं भोक आहे तेवढंच, बाकी अक्षर न् अक्षर लागतं. ते तुझं आहे. पंचेचाळीस वर्षं उशिरा देते आहे.

देवेशला काल फोन करून सांगितलं, ती गोष्ट काढ. तो म्हणाला, मावशी, तीच नसेल तर पुस्तकात काय राहिलं? म्हटलं, डबे राहिले. तो हसला नाही. बघतो म्हणाला. म्हणजे पुस्तक बहुतेक निघत नाही. फेसबुकवरूनही ती काढून टाकली. दोघीतिघींनी विचारलं, कुठे गेली?

आणखी एक राहिलंय, तेही लिहून टाकते, म्हणजे माझ्याकडे काही उरणार नाही.

ती गोष्ट टाकल्यापासून मी रोज दुपारी जेवून खालचे अभिप्राय वाचत बसायचे. ‘बिचारीचा काय दोष’, ‘लहानग्या जिवाला केवढं ओझं’, ‘ताईंनी नक्की माफ केलं असेल’. चार हजार आठशे माणसांनी मला माफ केलं, आणि मी कुणाचीही माफी मागितली नव्हती. म्हणून तर तिला आठ वर्षांची केली. म्हणून तर शाई फोडली. बारा वर्षांची, टपोरं अक्षर वाचून खोटं बोलणारी पोरगी टाकली असती, तर किती जणांनी अंगठे दिले असते?

आणि ४ मेला तुझं फॉरवर्ड आलं, ‘रडूच आलं गो’, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? ताई रडली, म्हणजे जमलंय आपल्याला. दुसरं आलं, खाली नाव कुठाय? तू कशासाठी रडलीस, कोणासाठी, ते तिसरं. तेही उत्तर पाठवून झाल्यावर. तुला खरं सांगायचं म्हणून मी ‘हे मी लिहिलंय’ म्हटलं नव्हतं. नाव हवं होतं मला. नावाच्या नादात तोंडातून खरं निघून गेलं. तू शेजारच्या कुणाला ते पाठवून ‘बघा, काय लिहिलंय’ म्हणाली असतीस तर मी जन्मभर गप्प बसले असते.

मी लिहिणं सोडत नाही. सोडलं असं लिहिणार होते, तू पाघळशील म्हणून. पण ते परत खोटं झालं असतं. रोज सकाळी वहीत एक पान लिहिते आणि कुठेही टाकत नाही. खाली नावही घालत नाही. एकटं वाटतं. टाकायचे तेव्हाही वाटायचं, पण तेव्हा फोन वाजायचा.

आता पत्र लिहून तुला त्रास देणार नाही.

जयंती


मुलुंडहून येताना, बसमध्ये
३ सप्टेंबर २०२४

ताई,

हे पोस्टात टाकत नाही, हातातच आणते आहे. तू दार उघडलं नाहीस तर फटीतून सरकवीन.

सकाळी मालाडहून रुचिराचा फोन आला. मार्केटमधून येताना तू पडलीस, उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, हे तिने चार दिवसांनी मला सांगितलं. तू बजावलं होतंस म्हणे, तिला कळवायचं नाही म्हणून. आणि आज स्वतःच म्हणालीस, मावशीला बोलाव, वही घेऊन ये म्हणावं.

वही का, ते रुचिराला माहीत नाही. मी दोन वह्या घेतल्यात. पेनं तीन. गोरेगाव मागे पडलं तरी माझा हात पर्समधल्या पेनांवरच आहे. भांडायचं असेल तर भांड. रिकामा करडा गोल बघण्यापेक्षा ते बरं.

जयू


बोरिवली (पूर्व)
४ सप्टेंबर २०२४
(सांगणारी सुलक्षणा. लिहिणारी जयंती.)

जयंतीस,

आशीर्वाद लिहू नको. नुसतं जयंतीस लिही. लिहिलंस? आता मी बोलेन तेवढंच लिहायचं. मध्ये तुझं काही घालायचं नाही, माझं काही गाळायचं नाही. पंखा कमी कर. हे नको लिहू. लिहिलंस? असू दे, आता खोडू नको. सगळंच लिही.

तुझी चारही पत्रं वाचली. कालचं बसमधलंही वाचलं. काकांचं पत्र वाचलं. अक्षर छान होतं काकांचं.

पहिलं सांगते. चंद्रप्रकाश बिनलग्नाचा राहिला असं तू लोकांना सांगितलंस. तो गोरेगावला राहतो. बायकोचं नाव चंपा, दोन मुलगे आहेत, एकाचं टक्कल पडलं. रुचिराच्या लग्नात नवराबायको जेवून गेली. त्या पंगतीत तू वाढत होतीस. तूच त्याला दोनदा सोलकढी वाढलीस आणि तुला तो ओळखता आला नाही. आणि म्हणे, त्याचं आयुष्य गेलं. कुणाचं आयुष्य गेलं असं लिहिताना एकदा जाऊन बघावं.

दुसरं काय होतं? हां. ह्यांना तू मुकं करून टाकलंस. अबोल नवरा. जयू, माझा नवरा माझ्याशी बोलायचा. तुझ्याशी बोलायचा नाही. तू आलीस की तूच बोलायचीस, त्याने कधी बोलायचं? हे जाऊन सहा वर्षं झाली. अजून संध्याकाळी मी कानोसा घेते. माझं वाईट झालं नाही. मला तो चंद्रप्रकाश आवडला होता, ते खरं. तांदूळ निवडताना हात थांबला नाही, कारण थांबला असता तर बाबांनी बघितलं असतं. तेवढं एक तुला आज कळलं असेल.

आता नीट लिही. माझा राग स्थळाचा नाही.

पंचेचाळीस वर्षं मी आपल्या गावच्या देवाशी बोलले नाही. मे महिन्यात जायचे, ओटी भरायचे, गाऱ्हाणं घातलं की सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. नुसतं तोंडाने. मान वर करून त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. ह्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा बाकीच्या सगळ्या देवांना हाका मारल्या. त्याला म्हटलं, तू गप ऱ्हव, तुझो कौल माका म्हायत आसा. एवढं बोलले मी त्याला. आणि त्याने उजवा दिला होता गो. त्याने हो म्हटलं होतं, आणि पंचेचाळीस वर्षं त्याने माझं ऐकून घेतलं. बाबांचं तू बघून घे, माझं मी बघून घेईन. पण त्याचं काय? तो काय तुझ्या फेसबुकवर आहे?

रडू नको. कागदावर टिपं पाडू नको. शाई फुटेल आणि मग म्हणशील, वाचता आलं नाही.

हेही लिही, तू रडलीस. आणि मी पाणी आण म्हटलं नाही.

मी माफ केलं असं म्हटलेलं नाही. तसं लिहू नको. म्हणजे, म्हटलेलं नाही, हे लिही. पुढे म्हणेन की नाही, मला माहीत नाही. तुझ्या त्या चार हजार लोकांना घाई होती, मला नाही.

पुस्तकाचं. त्या देवेशला फोन कर आणि सांग, घे ती गोष्ट, पण मी सांगते तशी. पोरगी बारा वर्षांची. शाई फुटली नव्हती. आणि शालन नको. शालन काय, मी कुठून शालन दिसते? सुलक्षणा घाल. फॉरवर्डच्या खाली तुझं नाव नव्हतं तर तुला एवढं लागलं ना? माझं तर आतसुद्धा नव्हतं. आणि देवाने उजवा कौल दिला होता, हे पहिल्याच पानावर हवं, शेवटी नको. लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत. मग अंगठे कमी आले तरी चालतील. त्याला जमत नसेल तर दुसरा बघ. लिहितेस तू बरी. कोळंबीच्या डब्याचं तर मी तेव्हाच सांगितलं होतं.

मे महिन्यात गावी जायचं. दोघींनी. त्याच्यासमोर उभी राहून तू सांगायचंस, काय वाचलंस ते. मोठ्याने. गावातली माणसं असतील तर असू देत. मी शेजारी उभी राहीन. ‘व्हय म्हाराजा’ म्हणेन की नाही ते आज सांगत नाही.

झालं. सही मी करते, दे इकडे. डाव्या हाताने येईल तशी.

सुलक्षणा

थांब, पेन खाली ठेवू नको. हे पाकिटात घाल, वर तुझा पत्ता घाल आणि जाताना बोरिवलीच्या पोस्टात टाक. असंच हातात न्यायचं नाही. पेटी उघडतेस ना रोज? बिलाबरोबर काहीतरी असू दे.

आता वाचून दाखव. पहिल्यापासून, मोठ्याने. पंख्याचंही वाच.

हं.

परत एकदा वाच.